निनावी बुधवार

सुमेधाताईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि स्टेजवर खिळे ओतले.

बारीक खिळे. सुतार फळीला मारतात तसले. पुडी नवी होती, दुकानदाराने दोरा गुंडाळून दिलेली. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. कोणीतरी मुद्दाम जाऊन खिळे विकत आणले होते.

"आता आई आपल्याला प्रत्यक्ष दाखवतील," ताई माईकवर म्हणाल्या, "त्या लोखंड कसं वेचायच्या ते. टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. स्टेजच्या मधोमध माझी आई उभी होती. खांद्यावर नुकतीच घातलेली शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दोरी. नारळाचं काय करायचं ते तिला कळेना. तिने तो पायाशी ठेवला. मग कमरेत वाकली. दोरीच्या टोकाला चुंबक होतं. फुटक्या भोंग्यातून काढलेलं, बशीएवढं, काळं. आईने ते खिळ्यांवरून ओढलं. खिळे टणटण उडून त्याला चिकटले.

पहिल्या रांगेतली एक बाई "अय्या!" म्हणाली. जत्रेतला खेळ बघावा तशी. सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

मी तिसऱ्या रांगेत होते. माझं नाव कधी घेतात याची वाट बघत होते.

नाव घेतलं नाही. अण्णासाहेब उठले. आमच्या कवितांच्या ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ कवी. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी घसा साफ केला आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर मोठी अक्षरं आली. कविता: अण्णासाहेब. त्याच्या खाली बारीक अक्षरात, कल्पना: एक श्रमिक कन्या.

श्रमिक कन्या. ती मी.

अण्णासाहेब गाऊ लागले.

"माय माउली ओढी प्रेमाची दोरी, चुंबक प्रभूचे, लोहकण संसारी..."

लोक माना डोलवायला लागले. आई अजून वाकलेलीच होती. थांबायचं कधी, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हे इथपर्यंत कसं आलं ते सांगते.

आम्ही भिलाईच्या खुर्सीपारचे. बाप भंडाऱ्याकडून आला, पोलाद कारखान्याच्या ठेकेदाराकडे लागला आणि छातीच्या दुखण्याने गेला. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते. आईने मग बायकांबरोबर स्लॅगचा डोंगर धरला. भट्टीतून लोखंड काढल्यावर जो दगडासारखा मळ उरतो, तो स्लॅग. तो गाड्या भरभरून आणून ओततात आणि त्याचे डोंगर होतात. त्या मळात लोखंडाचे तुकडे राहून जातात. बायका दोरीला चुंबक बांधून ते डोंगरभर ओढत हिंडायच्या. चिकटेल ते पोत्यात, पोतं डोक्यावर, आणि संध्याकाळी कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, दारात. आईने मला त्यावर वाढवलं. यात मला लाज कधीच वाटली नाही. शाळेत पोरी नाक मुरडायच्या तेव्हाही नाही. पोटाला मिळत होतं आणि आई कोणासमोर हात पसरत नव्हती.

डोंगर वरून थंड दिसतो. आत गरम असतो. एकदा आईचा डावा पाय खचून आत गेला आणि भाजला. तेव्हापासून ती डोंगरावर गेली नाही. त्या पायावर तिला नीट भार देता येत नाही.

मी सिविक सेंटरमध्ये एका दुकानात फॉल-पिको करते. सेक्टरमधल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या, बायकांच्या साड्या येतात. दिवसभर मशीन आणि दिवसभर रंग. माझं शिक्षण हिंदीत झालं. मराठी फक्त घरची, आईची. लिहायला मी मशीनवर बसल्या बसल्या शिकले, मोबाईलवर, त्या ग्रुपमध्ये.

ग्रुपचं नाव सांगत नाही. असे ग्रुप गल्लोगल्ली आहेत. मराठी हौशी कवींचा. भिलाई, दुर्ग, रायपूर, थोडे नागपूरचे. शिवून झालेली साडी न्यायला आलेल्या एका बाईने मला त्यात घेतलं. मी मशीनवर बसून काहीतरी गुणगुणत होते, ते तिने ऐकलं होतं. पुढे तिची बदली झाली आणि ती ग्रुपमधून गेली. मी राहिले.

मला खोटं बोलायचं नाही. त्या ग्रुपने मला दिलंही. तिथे एक नियम होता, आधी दुसऱ्यांच्या दोन कवितांवर अभिप्राय द्यायचा, मगच आपली एक टाकायची. बाकीचे "वाह", "क्या बात", "अप्रतिम" टाकून मोकळे व्हायचे. कोण कोणाच्या कवितेवर किती फुलं टाकतं त्याचा सगळा हिशोब असायचा. तू माझी पाठ खाजव, मी तुझी खाजवतो. मला ते जमायचं नाही. मी कविता दोनदा वाचायचे. कुठली ओळ आवडली, कुठली कळली नाही, ते लिहायचे. मशीनवर साडी, एका हातात मोबाईल. सेठ ओरडायचा, "फोन रख, पल्लू टेढ़ा जाएगा।" पल्लू कधी वाकडा गेला नाही.

सुमेधाताई ॲडमिन. त्यांचे यजमान मोठे अधिकारी होते. माझ्या अगदी पहिल्या कवितेवर त्यांनी लिहिलं होतं, "लिहीत राहा. तुझ्यात काहीतरी आहे." मी ते वाक्य दुकानातल्या पोरींना दाखवलं होतं. रात्री आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "काहीतरी मंजे का आहे, ते नाई सांगतलं?" मी हसले. पण मला आतून फार बरं वाटलं होतं. कोणी तसं कधी म्हटलंच नव्हतं.

ग्रुपमध्ये कोणी कोणाला बघितलेलं नसायचं. सगळ्यांच्या फोटोच्या जागी फुलं. मोगरा, जास्वंद, कमळ. माझं सूर्यफूल. आणि नाव फक्त पहिलं. त्यामुळे मी कोण, कुठली, हे दोन वर्षांत कोणी विचारलं नाही. सुमेधाताईंच्या साड्या माझ्याच दुकानात यायच्या. चिठ्ठीवर "सुमेधा मॅडम" असं लिहिलेलं असायचं. ड्रायव्हर घेऊन यायचा, ड्रायव्हर घेऊन जायचा. मला वाटायचं, एक दिवस सांगू, ताई, तुमच्या साड्यांना फॉल मी लावते. त्यांना गंमत वाटेल. तो दिवस काही आला नाही.

आणि बुधवार. बुधवार निनावी असायचा. कविता ताईंना खाजगीत पाठवायची, पूर्ण नाव आणि पत्त्यासकट. ताई ती नाव न घालता ग्रुपवर टाकायच्या. दिवसभर लोकांनी मोकळेपणी लिहायचं. संध्याकाळी ताई नाव-पत्ता जाहीर करायच्या. का, तर अभिप्राय कवितेला मिळावा, माणसाला नको. ताईंचंच वाक्य. मला तो नियम फार आवडायचा.

त्या बुधवारी मी पहिल्यांदाच कविता पाठवली, आईची. ती अशी होती.

आई मळाच्या डोंगरावर दोरी ओढते
दोरीच्या टोकाला चुंबक
खाली अजून गरम आहे
वर ऊन आहे
मधे आई आहे
जे चिकटलं ते घरी आणते
जे चिकटलं नाही त्याच्यावर उभी राहते

एवढीच. बरेच दिवस घोटून एवढीच राहिली होती.

सकाळीच मोबाईल थरथरायला लागला. थांबेचना. सेठ बघायला लागला तेव्हा मी त्याचा आवाज बंद करून तो मांडीवर ठेवला आणि खाली मान घालून वाचत राहिले.

"काय प्रतिमा आहे! चुंबक म्हणजे परमेश्वर आणि आपण सारे लोहकण."

"मळ म्हणजे षड्रिपू. त्यावर उभी असलेली आई ही आदिमाया. अंगावर काटा आला."

"नाव नसलं तरी ओळखलं. हे लिहिण्याची ताकद ग्रुपमध्ये एकाचीच आहे. अण्णासाहेब, साष्टांग नमस्कार."

मग सगळे अण्णासाहेबांच्या मागे लागले. अण्णासाहेबांनी दुपारी एक नमस्काराचा हात टाकला. नुसता हात. ही कविता माझी नाही, असं त्यांनी लिहिलं नाही.

मला हसू येत होतं. आदिमाया! माझी आई त्या वेळी घरी पापड लाटत असेल. पण कौतुक खोटं नव्हतं असं मला वाटलं. ओळी त्यांना लागल्या होत्या. चुकीच्या जागी लागल्या असतील, पण लागल्या. संध्याकाळी खरं कळेल तेव्हा आणखी लागतील, असा माझा हिशोब. मी आईला फोन करून सांगितलं, आज तुझ्या कवितेचं फार कौतुक झालं. ती म्हणाली, "माह्या कवितेचं? त्यात का आहे वं? मी त काम करत होती."

संध्याकाळी ताईंनी नाव टाकलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. खाली खुर्सीपार आणि वस्ती.

मी लगेच लिहिलं, "सगळ्यांचे आभार. ही माझी आई आहे. ती खरोखर स्लॅगवर चुंबक ओढायची. मी तिची मुलगी."

दुकान बंद करायची वेळ झाली होती. मी शटरजवळ उभी राहून बघत होते. साष्टांग नमस्काराच्या जागी करड्या अक्षरात आलं, हा मेसेज डिलीट केला गेला. मग परमेश्वराच्या जागी. मग आदिमायेच्या जागी. माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून. माणसं घरात बसून, चहा पिता पिता, आपापलं कौतुक परत नेत होती. उसनं दिलेलं भांडं परत न्यावं तसं.

आडनाव वाचून जे कळायचं ते त्यांना कळलं होतं. वस्ती वाचून उरलेलं कळलं.

मग नवे अभिप्राय आले.

"विषय वेगळा आहे. पण याला कविता म्हणता येईल का? ही तर हकिकत झाली."

"वर्णन आहे. प्रतिमा हवी होती."

आणि अण्णासाहेब, "अनुभव आहे. अजून कविता झालेली नाही. छान प्रयत्न."

तीच कविता. सात ओळी. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. सकाळी त्यात देव होता, संध्याकाळी नुसती हकिकत राहिली. मला आधी लाज वाटली. खरं सांगते, राग नंतर आला. आधी वाटलं माझंच काही चुकलं. ऑटोत बसले आणि मोबाईल पर्समध्ये खोल टाकला, आपणच काही चोरलं असल्यासारखा. घरी आईने विचारलं, "का झालं? तोंड कावून उतरलं?" मी म्हटलं डोकं दुखतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. गोड आवाज.

"अगं, तू आधी सांगायचं नाहीस का? लोकांना फसवल्यासारखं वाटलं."

"काय सांगायचं होतं ताई?"

"म्हणजे, तुझी पार्श्वभूमी. पण जाऊ दे. ऐक, मला तुझं फार कौतुक वाटतं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बायकांनाही मी नेहमी सांगते, शिका म्हणून. आपल्या वार्षिक मेळाव्यात आपण तुझी कविता घेऊ या. तू वाच. आणि आईंना आण, त्यांचा सत्कार करू. शाल, नारळ. आणि ते चुंबक आहे का गं अजून? तेही आणा. लोकांना बघायला आवडेल."

तू वाच. मी तेवढंच धरलं. पार्श्वभूमी, फसवणूक, कामाच्या बायका, ते सगळं कानामागे टाकलं. माझी कविता, माझ्या तोंडाने, माझ्या नावाने, त्याच लोकांसमोर. ज्यांनी कौतुक परत नेलं त्यांनी समोर बसून ऐकावं. मला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, येते.

आईला सत्काराचं सांगितलं तर ती खुळ्यासारखी हसत सुटली. "माहा सत्कार? मंजे मले शाल घालतीन? खुर्चीवर बसवतीन?" शेजारणीला सांगून आली. खाटेखालच्या पेटीतून चुंबक काढलं. ते पायाच्या त्या दिवसापासून पेटीतच होतं. तिने ते चिंच लावून घासलं, देवाचं भांडं घासावं तसं. दोरी जुनी झाली म्हणून नवी आणायला लावली. मी म्हटलं, आई, जुनीच असू दे. "नाई, मोठ्या लोकाईत जाचं हाय," ती म्हणाली.

मेळाव्याच्या आधी एक जांभळी सिल्क पिकोला आली. चिठ्ठीवर सुमेधा मॅडम. मी ती फार मन लावून शिवली. आपल्या माणसाचं काम करावं तशी.

आणि ती साडी नेसून सुमेधाताई स्टेजवर उभ्या होत्या. समोर माझी आई वाकलेली होती.

हॉलवर पोचलो तेव्हाच मला कळायला हवं होतं. दारावरच्या पोराने ताईंना विचारलं, "मॅडम, ये लोग कहाँ बैठेंगे?" ताई म्हणाल्या, "आई आत ये, विंगेत बस. तू मागे कुठेतरी बस, बोलावू." मी तिसऱ्या रांगेत रिकामी खुर्ची बघून बसले. शेजारच्या बाईने पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मी म्हटलं, नमस्कार, मी सूर्यफूल. ती म्हणाली, "हो का." दोन वर्षं मी तिच्या कवितांवर लिहीत आले होते. ती माझ्या अभिप्रायांना "किती मनापासून वाचतेस गं" म्हणायची.

मग शाल झाली, नारळ झाला, पुडी निघाली. पुढचं सांगितलंच आहे.

अण्णासाहेबांचं गाणं संपलं. आई आता सरळ झाली होती. पदराने घाम पुसत होती आणि माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी विचारत होती, तुझी पाळी कधी? मी मान हलवली. मलाही माहीत नव्हतं. मला अजूनही वाटत होतं, आता बोलावतील. माणसाची आशा काही लवकर मरत नाही.

फोटोवाला पुढे आला. "मॅडम, फोटो क्लियर नहीं आया। एक बार और करवा दीजिए।"

ताईंनी चुंबकाला चिकटलेले खिळे आपल्या हाताने ओरबाडून काढले. पुन्हा खाली पसरले. हात रुमालाला पुसला.

"आई, परत एकदा हं. आणि जरा हसून."

आई वाकायला लागली. डाव्या पायावर भार पडला आणि ती कळवळली. तरी हसली. तिला सांगितलं होतं ना, हसून.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. शेजारच्या बाईची पर्स खाली पडली एवढं आठवतं. मी स्टेजवर गेले आणि आईच्या दंडाला धरलं.

"आई, उभी राहा."

"फोटो काढून राहिले ना ते," आई म्हणाली.

"उभी राहा."

ती उभी राहिली. ताई हसत पुढे आल्या. त्यांना वाटलं मला फोटोत यायचं आहे. मी त्यांच्या हातातला माईक घेतला. अगदी सहज दिला त्यांनी. मी म्हटलं, "मी सूर्यफूल. पडद्यावर लिहिलंय ती श्रमिक कन्या. मला नाव आहे." आणि मी नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनाव, खुर्सीपार, वस्ती. "आत्ता गायलेली कविता माझी नाही. माझी सात ओळींची आहे. ती मी वाचणार, असं मला फोनवर सांगितलं होतं."

माईक बंद झाला. कोणी केला ते दिसलं नाही.

मी तरी ती म्हटली. सातही ओळी. पंखे घरघरत होते. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेली असेल. त्या दोन रांगांनी मोबाईलमध्ये माना घातल्या. टाळी वाजली नाही. एकही नाही. अण्णासाहेब छताकडे बघत होते.

ताई माझ्याजवळ आल्या. आवाज तसाच गोड, पण दातातून. "अगं, काय करतेस हे? आम्ही तुला वर आणत होतो."

"मला वर आणायला आईला वाकवलं?"

"तुला कळत नाहीये. अण्णासाहेबांनी त्या ओळींचं सोनं केलं. नुसत्या तुझ्या नावावर कोण ऐकणार होतं?"

ते मात्र त्यांनी खरं सांगितलं. दोन वर्षांतला त्यांचा एकमेव खरा अभिप्राय. कोण ऐकणार होतं? बुधवारी सकाळी शंभर जणांनी ऐकलं होतं, कारण नाव नव्हतं. मला तिथे, त्या स्टेजवर, लख्ख कळलं. कविता चांगली की वाईट हा प्रश्न यांच्यापुढे कधी नव्हताच. ती कोणाची आहे ते कळलं की यांचं वाचून संपतं. आणि मी दोन वर्षं यांच्याकडून "काहीतरी आहे" ऐकायला जीव टाकत होते.

आई खाली बसून खिळे गोळा करायला लागली. सवयीने. पसरलेलं लोखंड बघून तिचा हात आपोआप जातो.

मी तिचा हात धरला. "राहू दे आई. खिळे ताई वेचतील."

ताईंचं तोंड पांढरं पडलं. आम्ही स्टेजवरून उतरलो. आईचा पाय दुखत होता, म्हणून सावकाश उतरलो. सगळ्या हॉलमधून सावकाश चालत गेलो. कोणीतरी मागून म्हणालं, "डोक्यावर बसवलं की असंच होतं." मी मागे वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

ऑटोत आई रस्त्याकडे बघत बसली. शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. मला वाटलं ती रागावली. तिच्या आयुष्यातला पहिला सत्कार, तो मी मोडला. खुर्सीपार जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, "आई, तुला वाईट वाटलं का? शाल परत पाठवू या का?"

"शाल कावून परत?" ती म्हणाली. "शाल माही आहे. भर उन्हात दोरी ओढली मी, त्याची आहे. मी ठेवीन."

मग शालीवरून हात फिरवत म्हणाली, "मले का समजत नवतं का? ते हासून राहिले होते मले. खिळे सांडले तवाच समजलं."

"मग वाकलीस कशाला?"

"तू म्हनली होती ना, तुले तुही कविता वाचू देतीन. मी म्हनलं, पोरीचं काम होते त होऊ दे. वाकाचं का? आजवर वाकलीच आहे."

ऑटोवाला आरशातून बघत होता. मी तोंड बाहेर केलं. मला इतकं रडू कधी आलं नव्हतं. तिला सगळं कळत होतं. माझ्या सात ओळींसाठी तिने दुखऱ्या पायावर स्वतःचा तमाशा होऊ दिला. आणि वर हसली. त्या हसण्याची किंमत मला कोणाकडून घ्यायची ते कळेना. अजूनही कळत नाही. ताई माफी मागतील आणि हिशोब फिटेल, असं हे नाही. त्यांनी मागितलीही नाही.

घरी पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढलं होतं. नंतर कळलं, ग्रुपच्या शिस्तीवर ताईंनी मोठा मेसेज लिहिला आणि त्याखाली फुलंच फुलं पडली. अण्णासाहेबांच्या कवितेचा व्हिडिओ खूप लोकांनी पुढे पाठवला. त्यात आई दिसते. वाकलेली. मी उठले तिथून पुढचं कापलेलं आहे. आमच्या दुकानात आलेल्या एका बाईने तो मला दाखवला. "देखो, कितना सुंदर भजन है," म्हणाली. मी तिला सांगितलं, ही माझी आई आहे. ती दचकली आणि साडी घेऊन गेली.

काही दिवसांनी रायपूरच्या एका मुलीचा खाजगीत मेसेज आला. रेणुका. ग्रुपमधलं जास्वंद. तिने लिहिलं, "ताई, तुमचं बरोबर होतं. तुमची कविता मला अजून आठवते. ग्रुपवर बोलता येत नाही, समजून घ्या. पण मनापासून अभिनंदन."

पूर्वीची मी असते तर तो मेसेज आईला वाचून दाखवला असता. त्या दिवशी मी मशीन थांबवलं आणि उत्तर लिहिलं.

"रेणुका, खाजगीतलं कौतुक मी आता घेत नाही. माझा अपमान ग्रुपवर झाला. तुला कविता आवडली असेल तर ग्रुपवर लिही, माझं पूर्ण नाव घालून. ते जमत नसेल तर काही लिहू नकोस."

तिने वाचलं. निळी खूण आली. उत्तर आलं नाही. मुलगी चांगली आहे, मला माहीत आहे. पण चांगल्या माणसांनी दाराआडून केलेल्या नमस्काराचं मी काय करू? बुधवारी सकाळचे नमस्कारही चांगल्याच माणसांचे होते. त्यांना संध्याकाळी ते पुसता आले.

मी लिहिणं सोडलेलं नाही. सोडावं अशी बऱ्याच जणांची इच्छा असेल. मी आता माझ्या स्वतःच्या पानावर टाकते. वाचणारे फार नाहीत. दुकानातल्या दोन पोरी, वस्तीतली काही मुलं, कधी कोणी अनोळखी. कवीने नाव कवितेच्या खाली घालायचं, बारीक अक्षरात, अशी पद्धत आहे. मी वर घालते. आधी नाव, बापाचं नाव, आडनाव. मग खुर्सीपार आणि वस्ती. मग कविता.

एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला, "नाव खाली घ्या, वाचणाऱ्याचा रसभंग होतो."

होऊ दे. ज्याचा नावापाशी रसभंग होतो त्याने तिथूनच परत जावं. माझ्या पहिल्या ओळीपर्यंत त्याने यायचं नाही.